शाब्लीची वाइन, चुनखडीची जमीन आणि खान्देशातले प्रश्न

गेल्या अंकात फ्रान्समधल्या शाब्ली गावच्या पांढऱ्या वाइनबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की ती एकदम कोरडी असते, आंबटसर असते आणि तोंडात ओल्या दगडासारखी लागते. तेवढ्यावरून खान्देशातून भरपूर पत्रं आणि मेसेज आले, काही पिणाऱ्यांचे, काही शेतकऱ्यांचे. शेतकऱ्यांच्या प्रश्नांनी मला जास्त आनंद झाला कारण ही वाइन समजायची तर आधी ती जमीन आणि तिथलं हवामान समजलं पाहिजे. म्हणून यावेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय.

भाऊ, माझा पुतण्या पुण्याला असतो, त्याने दिवाळीला शाब्लीची बाटली आणली. तो म्हणे द्राक्षाच्या मुळ्या दगडातले क्षार ओढून घेतात आणि तेच मिनरल आपल्याला चवीत लागतात. खरंय का हे? आणि मिनरल असतील तर तब्येतीला चांगली असेल ना? (एक वाचक, भुसावळ)

दादा, पुतण्याला चव बरोबर लागलीय, कारण मात्र ते नाहीये. तापीच्या पात्रातला एखादा कोरडा गोटा उचलून जिभेला लावून बघा, काही चव लागणार नाही. तोच ओला केला की वास येतो, पण तो वास दगडाचा नसतो, दगडावर बसलेल्या सूक्ष्म जिवांचा आणि झाडापानांच्या तेलकट अंशाचा असतो. पहिल्या पावसात माती घमघमते ना, त्यावर ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 1964 साली संशोधन छापलं होतं, त्यातही हेच निघालं की हा वास निव्वळ खनिजाचा नाही.

वेलीच्या मुळ्या पाण्यात विरघळलेलं पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम घेतात, जसं केळी घेते, कापूस घेतो. त्यातलं फार थोडं वाइनपर्यंत पोचतं आणि जे पोचतं त्याला दगडासारखी चव नसते. अॅलेक्स मॉल्टमन नावाचे ब्रिटिश भूशास्त्रज्ञ हे किती वर्षं सांगतायत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

मग तो दगडीपणा येतो कुठून? एकाच गोष्टीतून येत नाही. पहिली गोष्ट थंडी. शाब्ली पॅरिसच्या आग्नेयेला साधारण 180 किलोमीटरवर आहे, बरगंडी प्रांताचं अगदी उत्तरेकडचं टोक, तिथे द्राक्ष हळूहळू पिकतं म्हणून आम्ल टिकून राहतं आणि आंबा-अननसासारखा पिकल्या फळाचा गोड वास फारसा येत नाही, आणि फळाचा वास मागे राहिला की बाकीचे बारीक वास पुढे येतात. दुसरी गोष्ट म्हणजे आंबवताना यीस्ट जे गंधकाचे संयुग तयार करतं ते. चकमकीच्या ठिणगीसारखा जो वास येतो त्याचा संबंध बेन्झिनमिथेनथायॉल नावाच्या संयुगाशी लावला गेलाय, आणि ते इतकं कमी लागतं की लिटरमध्ये ग्रॅमचा अब्जावा भाग असला तरी नाकाला कळतं. तिसरी गोष्ट, शाब्लीचे बरेच लोक वाइन स्टीलच्या टाकीत करतात, नव्या लाकडी पिंपाचा व्हॅनिलासारखा वास तिच्यावर चढू देत नाहीत. शाब्ली ज्या शार्दोने द्राक्षाची होते तीच जात गरम भागात लावली आणि नव्या ओकच्या पिंपात ठेवली की लोण्यासारखी, अननसासारखी लागते, ओळखू येणार नाही की ही तीच जात आहे.

म्हणजे जमिनीचं काहीच नाही का, असं विचाराल. खूप आहे, पण ते चव वर पाठवून नाही तर पाणी देऊन किंवा रोखून. शाब्लीच्या चांगल्या उतारांवर चिकणमाती आणि चुनखडी यांचे थर एकावर एक आहेत, पाऊस पडला की ते पाणी धरून ठेवतात पण मुळ्या बुडवत नाहीत, आणि मग वेलीला बेताबेताने देतात. वेल पाल्याने माजत नाही, घड हळू पिकतात. चव दगडाची नाही पण दगड नसता तर ही चवही नसती, असं मी त्याच्याकडे बघतो.

तब्येतीचं म्हणाल तर नाही. मिनरल म्हणतात म्हणून ती औषध होत नाही, दारू ती दारूच, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घोटही घेऊ नका.

आमच्याकडे जानेवारीत पारा खाली गेला की केळीची निसवण अडकते, पानं पिवळी पडतात, आम्ही पहाटे बागेत पालापाचोळा पेटवतो, रात्री पाणी सोडतो. तिकडे तर बर्फच पडतो म्हणे, मग ते लोक बाग वाचवतात कशी? (केळी बागायतदार, रावेर तालुका)

आप्पा, तुमच्याइतकं हे कुणाला कळणार! तिथे डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीची एवढी भीती नसते, तेव्हा वेल झोपलेली असते आणि कडक थंडी सोसते. खरा धोका एप्रिलमध्ये. शार्दोनेचा डोळा लवकर फुटतो, कोवळा पोंगा बाहेर आलेला असतो आणि नेमकी एखादी निरभ्र, वारा नसलेली रात्र येते, पारा शून्याखाली दोन-तीन अंश उतरतो, सकाळी बघावं तर पोंगे काळे पडून लोंबतायत, गेलं वर्षाचं पीक. मागून दुसरे डोळे फुटतात पण त्यांना घड कमी असतात. ही धाकधूक मे महिन्याच्या मध्यापर्यंत असते, 11 ते 13 मे या तारखांना तिकडे बर्फाचे संत म्हणतात, ते दिवस पार पडले की मग माणसं सुटकेचा श्वास टाकतात.

उपाय दोन मोठे. एक म्हणजे ओळींमधून शेगड्या नाहीतर मेणाचे डबे पेटवायचे, एका हेक्टरला शेकड्यांनी लागतात, रात्री दोन-तीन वाजता उठून सगळं घर, मजूर, शेजारी पेटवायला जातात. आणि इथे एक सांगतो, वाचवतो तो धूर नाही, वाचवते ती ऊब, म्हणून नुसता ओला पाला धुमसत ठेवण्यापेक्षा जिथे खरी आच लागते तिथे फायदा जास्त.

दुसरा उपाय ऐकायला उलटा वाटतो पण मला फार आवडतो. वेलीवर रात्रभर स्प्रिंकलरने पाणी मारत राहायचं. पाण्याचा बर्फ होताना उष्णता बाहेर पडते, एका ग्रॅमला सुमारे 80 कॅलरी, ती कोंबाला मिळते आणि कोंब शून्याच्या आसपासच राहतो, त्याखाली जात नाही. सकाळी प्रत्येक डोळा काचेच्या गोळीत बसवल्यासारखा दिसतो, आत हिरवागार कोंब आणि बाहेर बर्फ. पण मध्येच पाणी बंद पडलं तर मेलेच समजा, कारण मग तोच बर्फ कोंबातली उष्णता ओढून घेतो, त्यामुळे ऊन येऊन बर्फ सुटायला लागेपर्यंत पंप चालूच ठेवावा लागतो. त्या पाण्यासाठी बेन नावाच्या गावाजवळ एक मोठा तलाव मुद्दाम केलाय, आपल्याकडे शेततळं करतो तसा, फक्त बराच मोठा आणि पाणी उन्हाळ्यासाठी नाही, थंडीसाठी.

एवढं करूनही दरवर्षी जमतंच असं नाही. 2016 ला गारपीट आणि थंडी दोन्हींनी झोडपलं, 2021 च्या एप्रिलमध्ये तर फ्रान्सभर हाहाकार झाला आणि शाब्लीही त्यात होती. हे सगळं मनात ठेवून मी ती वाइन पितो. तिच्यात जो धारदार आंबटपणा आहे ना, तो याच थंडीने दिलाय, जी थंडी एका रात्रीत बाग मारते तीच सप्टेंबरपर्यंत आम्ल राखते, आणि तो शेतकरी दोन्ही गोष्टी पत्करून तिथेच शेती करतो.

एक आणखी, तुम्ही सावदा-रावेरवाले म्हणून. रेल्वेने तुमची केळी दिल्लीला पोचवली, शाब्लीला मात्र रेल्वेनेच मारलं. त्यांची पिंपं आधी ओसेरहून योन नदीने पॅरिसला जायची, जवळची बाजारपेठ त्यांच्या हातात होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात दक्षिणेकडची रेल्वे सुरू झाली आणि तिकडची स्वस्त वाइन पॅरिसमध्ये ओतली गेली. मग भुरी आली, मग मुळ्या खाणारा फिलॉक्झेरा आला, मग महायुद्ध, आणि विसाव्या शतकाच्या मध्याला शाब्लीत जेमतेम 500 हेक्टर बाग उरली होती. आज ती साडेपाच हजार हेक्टरच्या वर आहे. शेगड्या आणि स्प्रिंकलर नसते तर हे झालं नसतं. आणि 1923 साली स्थापन झालेली ला शाब्लिझिएन ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था, ती आजही शाब्लीची जवळपास चौथाई वाइन करते. सहकाराचं नाव काढलं की आपल्याकडे लोक लगेच नाक मुरडतात म्हणून मुद्दाम सांगतो, तिची वाइन चांगली असते.

आमच्या लिंबाच्या बागेत दीड फुटावर चुनखडी लागते, पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. तुम्ही म्हणता शाब्लीची जमीनच चुनखडीची, मग द्राक्ष पिवळं पडत नाही का तिथे? (एक शेतकरी, चोपडा)

पडतं की! हाच प्रश्न त्यांना फिलॉक्झेरानंतर पडला. त्या किडीपासून वाचायला अमेरिकन जातीच्या खुंटावर कलम करणं भाग होतं, आणि बरेचसे अमेरिकन खुंट चुन्यात पिवळे पडून मरत होते कारण चुन्याच्या जमिनीत लोह असूनही मुळीला घेता येत नाही. शेवटी बर्लांडिएरी नावाच्या जातीशी संकर केलेले खुंट सापडले, ती जात मुळात टेक्सासच्या चुनखडीतली, आणि त्यातला 41 बी हा खुंट शाब्लीत आणि शॅम्पेनमध्ये खूप चालला. आपल्याकडे नाशिक-सांगलीला द्राक्षाला डॉगरिज लावतात तो पाण्याच्या ताणासाठी आणि खारट पाण्यासाठी, म्हणजे प्रत्येक ठिकाणचं दुखणं वेगळं आणि खुंटही वेगळा.

फक्त त्यांची चुनखडी आणि तुमची चुनखडी एक नाही हं. तुमच्याकडे खाली काळा पाषाण, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि तो झिजून माती होताना त्यातलं कॅल्शियम सुटून खाली चुन्याचे खडे धरतात, ते तुमच्या कुदळीला लागतात. शाब्लीचा थर 15 कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा गाळ आहे. तिथला ढेकूळ फोडला तर आत नखाएवढे शिंपले दिसतात, स्वल्पविरामासारखे वळलेले, एकाला एक चिकटलेले, कालवांची एक नामशेष जात, एक्सोजायरा व्हर्ग्युला. या थराला किमरिजियन म्हणतात, इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावरच्या किमरिज गावावरून. लोक मग म्हणतात की म्हणून ही वाइन समुद्रासारखी लागते आणि म्हणून कालवांबरोबर जमते. ऐकायला छान आहे, पण कालवांबरोबर जमते ती आम्लामुळे, लिंबू पिळल्यासारखं काम होतं म्हणून.

तुमच्या लिंबासाठी, आधी माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या, चिलेटेड लोह फवारणीतून द्या, जमिनीत साधं हिराकस टाकून पैसे घालवू नका, चुन्यात ते लगेच अडकतं. आणि पुढची लागवड करताना खुंट कुठला ते नर्सरीवाल्याला आधी विचारा.

मी कृषी पदवीधर आहे, साक्री तालुक्यात बारा एकर आहे. शार्दोने लावून शाब्लीसारखी वाइन इथे होईल का? (एक तरुण वाचक)

भाऊ, शाब्लीसारखी नाही होणार, अगदी स्पष्ट सांगतो. ते ठिकाण 47 अंश अक्षांशाच्याही वर, आपण 21 वर. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी आणि काढणी फेब्रुवारी-मार्चला, म्हणजे ऊन चढत असताना घड पिकतात, तिकडे सप्टेंबरात दिवस उतरत असताना. गरमीत साखर झरझर चढते आणि मॅलिक आम्ल वेल स्वतःच जाळून टाकते. शार्दोने महाराष्ट्रात होतच नाही असं नाही, सोलापूरकडे अकलूजला फ्रातेल्ली वायनरीवाले करतात, पण ती त्यांची वेगळी वाइन आहे. नाशिकला शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या जाती जास्त रुळल्यात.

आणि चवीपेक्षा महत्त्वाचं, वायनरीशी लेखी करार हातात असल्याशिवाय एक रोपही लावू नका. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं, ते मंडईत कोणी खायला घेत नाही. 2008 नंतर नाशिक भागात मागणी बसली तेव्हा माल उचलायला कोणी नव्हतं आणि कित्येकांनी उभ्या बागा उपटल्या. बारा एकर आहेत म्हणता, तर त्यातला अर्धा एकरसुद्धा करार होईपर्यंत यात गुंतवू नका.

ताईंचा प्रश्न, जळगावहून: मुलीच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मुंबईहून एक बाटली मागवायचीय. लेबलवर पेटी शाब्ली, शाब्ली, प्रीमिये क्रू, ग्रां क्रू असं काय काय असतं. कुठली घेऊ?

ताई, अभिनंदन तुमच्या लेकी-जावयाचं! चार पायऱ्या आहेत. पेटी शाब्ली ही वरच्या पठारावरची, शिंपल्यांच्या नाही तर त्याहून नव्या आणि कडक चुनखडीवरची, हलकी, लगेच प्यायची. शाब्ली ही मधली, सगळ्यात जास्त होते. प्रीमिये क्रू म्हणजे नावाजलेले उतार, अशी 40 नावं आहेत, मोंते द तोनेर, फुर्शोम वगैरे. आणि ग्रां क्रू म्हणजे सेरें नदीच्या उजव्या काठावर गावासमोरची एकच टेकडी, नैऋत्येकडे तोंड करून दुपारचं ऊन घेणारी, जेमतेम 100 हेक्टर, तिचे सात तुकडे: ब्लांशो, बूग्रो, ले क्लो, ग्रेनुई, प्रुज, व्हाल्मुर, व्होदेझिर. त्यात ले क्लो सगळ्यात मोठा. या भागात द्राक्षशेती वाढली ती पोंतिन्यीच्या मठातल्या सिस्टर्शियन साधूंमुळे, तो मठ 1114 चा.

नाव कुठल्या जमिनीला द्यायचं यावरून तिथे मोठा वाद झाला होता. 1970 च्या दशकात बाग वाढवायची वेळ आली तेव्हा तिथल्या दोन बड्या बागायतदारांपैकी विल्यम फेव्र म्हणत होते किमरिजियन मातीबाहेर शाब्ली नकोच, आणि जाँ द्युरुप म्हणत होते तोंड कुठल्या दिशेला आणि उतार किती हेही तेवढंच महत्त्वाचं. शेवटी हद्द वाढली. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं, पण चांगला शेतकरी असेल तर साधी शाब्लीसुद्धा आळशी माणसाच्या प्रीमिये क्रूपेक्षा सरस निघते.

तुमच्यासाठी सांगायचं तर प्रीमिये क्रू घ्या. ग्रां क्रू आपल्याकडे आयात कर धरून फारच महाग पडते आणि ती तरुण असताना मिटलेली असते, आठ-दहा वर्षं ठेवायला थंड जागा पाहिजे, ती कुठून आणणार? प्रीमिये क्रू तीन-चार वर्षांची मिळाली तर उत्तम.

बाटलीच्या तळाशी काचेच्या भुग्यासारखे बारीक खडे दिसले, भेसळ आहे का? (धुळे)

नाही, घाबरू नका. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल आणि पोटॅशियम मिळून तयार झालेले ते स्फटिक आहेत, बाटली जास्त थंड झाली की खाली बसतात. दाताखाली करकरतात, बाकी काही अपाय नाही. बाटली थोडा वेळ उभी ठेवा आणि शेवटचा घोटभर बाटलीतच राहू द्या.

आम्ही जैन आहोत, मी स्वतः घेत नाही पण मुलगा घेतो. यात मांसाहारी काही असतं का? (अमळनेर)

काका, असू शकतं. वाइन निवळायला कधी अंड्याचा पांढरा बलक, कधी दुधातलं केसिन, कधी माशाच्या फुग्याचा पदार्थ वापरतात, नंतर तो गाळून काढतात. बरेच जण बेंटोनाइट नावाची मातीच वापरतात, त्यात प्रश्न नाही. माशाचा उल्लेख लेबलवर असेलच असं नाही, म्हणून मुलाला सांगा बाटलीवर व्हीगन लिहिलेलं असेल तरच घे.

शेवभाजीबरोबर चालेल का? (एक वाचक, नंदुरबार)

नको भाऊ. काळ्या मसाल्याचा जाळ आणि ही आंबट धार एकत्र आली की तोंड नुसतं पेटतं, शेवभाजीही वाया आणि बाटलीही. तिला लागतं मीठ आणि तेलकटपणा. जळगावचे साधे मीठवाले केळीचे वेफर्स घेऊन बघा, फार सुंदर जमतं, खारट कुरकुरीत घास आणि मागून ही थंड आंबट वाइन, तोंड लगेच स्वच्छ. तळलेले बिबडे चालतील, उडदाचा पापड मिरं कमी असलेला. भरीत करणार असाल तर मिरची हात राखून घाला, वांगं भाजल्याचा जो धुरकट वास असतो तो या वाइनच्या चकमकी वासाला धरून राहतो. मासा खात असाल तर तापीचा ताजा मासा नुसता मीठ-हळद लावून रव्यात घोळवून तळा, लिंबू पिळू नका. पुरणपोळीबरोबर मात्र घेऊ नका, गोडानंतर ती नुसतीच आंबट लागते.

मे महिन्यात आमच्याकडे 45 अंश असतं, बाटली ठेवायची कुठे? (वरणगाव)

फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात, आडवी. कपाटात, माळ्यावर, कूलरच्या मागे कुठेच नको, चाळिशीच्या पुढे आठवडाभर राहिली तरी ती शिजते, बूच वर सरकतं, वास शिळ्या सफरचंदासारखा होतो. मुंबईहून आणणार असाल तर रात्रीच्या गाडीने आणा आणि गाडीच्या डिकीत विसरू नका. प्यायच्या आधी दहा मिनिटं बाहेर काढून ठेवा, फ्रिजच्या गारव्यात तिचा वास मरतो, दहा-बारा अंशाला ती खुलते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात दहा मिनिटं म्हणजे दहाच मिनिटं. उरली तर बूच घट्ट लावून परत आत, दोन-तीन दिवसांत संपवा, त्यानंतर कढीत टाकायलाही ठेवू नका.